लोणारच्या काठावर किब्लानुमा

अब्बांच्या कपाटात पितळेची एक चपटी डबी असे. झाकण उघडले की आत किब्ला दाखवणारा काटा. दादाजान हजहून परतताना ती घेऊन आले होते. अब्बा जालन्याच्या एका शाळेत शिक्षक होते आणि सहलीला निघताना ही डबी त्यांच्या शेरवानीच्या खिशात असायचीच.

१९८६च्या डिसेंबरात ते चाळीस मुलांना घेऊन लोणारला गेले. जोहरची वेळ झाली. मुलांनी वुजू केले. अब्बांनी सरोवराच्या काठावरच्या एका काळ्या खडकावर डबी ठेवली, काटा स्थिर होऊ दिला, सफा लावल्या आणि इमामत केली. सलाम फिरवून उठले, तर शेजारी चहाची किटली घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "मास्तर, इथं होकायंत्र चालत नाही. खाली लोखंडाचा तारा गाडलेला आहे. काटा येडा होतो."

त्या एका वाक्याने अब्बांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. जालन्याला परतताच त्यांनी मौलानासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "मास्तर, किब्ल्याचा प्रामाणिक शोध घेतलात, नमाज झाली. मनात शंका ठेवू नका." अब्बांनी मान डोलावली. पण कधी लोणारचा विषय निघाला की हळूच म्हणायचे, "नमाज झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण माझ्या मागे चाळीस मुले होती. काटा नेमका किती खोटे बोलला, ते कळले पाहिजे."

अब्बा जाऊन दोन वर्षे झाली. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी मुलाला घेऊन माहेरी गेले, तेव्हा अम्मीने ती डबी माझ्या हातात ठेवली. आयान दहावीत गेला आहे. शाळेच्या स्काउटमध्ये असल्याने त्याच्याकडे अंशांचे होकायंत्र आहे. तो म्हणाला, "अम्मी, आपण मोजूनच बघूया ना! नाना म्हणायचे तसे."

सिंदखेडराजामार्गे

आम्ही दिवस मुद्दाम निवडला, २८ मे. कारण पुढे सांगते. उन्हाचा कहर, त्यामुळे भाईजान म्हणाले, पहाटेच निघा. फज्र पढून आम्ही जालना सोडले. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानाजवळ चहा घेतला, पुढे बिबीहून लोणारकडे वळलो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेते, बांधांवर काळेच दगड. आयानने विचारले, "मामू, सगळीकडे हाच दगड?"

सगळीकडे हाच. नाशिकपासून वऱ्हाडापर्यंत आणि सह्याद्रीपासून मराठवाड्यापर्यंत आपण ज्यावर राहतो तो बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, थंड झाले. लोणारचे सरोवर याच दगडात पडलेला खड्डा आहे.

गाव ओलांडले की जमीन किंचित चढते आणि अचानक संपते. पायाखाली एक प्रचंड वाटी. व्यास सुमारे १,८३० मीटर, काठापासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर. उतारावर झाडी, मध्ये हिरवट, खारट पाणी. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा काठ वीस-तीस मीटर उंच आहे, कारण खड्ड्यातून उडालेला दगड चोहोबाजूंना येऊन पडला. २०२० साली हेच पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

लोणारची नोंद आपल्या जुन्या ग्रंथांतही आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना इथल्या खाऱ्या पाण्याचा, काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या पदार्थांचा आणि त्यातून सरकारला मिळणाऱ्या महसुलाचा उल्लेख केला आहे. दरबारी लेखकाला खड्डा कशाने पडला याच्याशी देणेघेणे नव्हते, पण तिथे काय पिकते ते त्याने लिहून ठेवले.

खाली तारा आहे का?

काठावर एक वाटाड्या भेटला, साठीचा. आयानच्या हातातले होकायंत्र बघून तो हसला. "पोरा, ते खिशात ठेव. इथं चालत नाही. खाली लोखंडाचा गोळा हाय." चाळीस वर्षांपूर्वीचेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द.

हा समज खुळचट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ याच वाटेने गेले आहेत. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात लोणारसारखाच एक खड्डा आहे, सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचा. त्याच्या आसपास लोखंडी अशनींचे तुकडे सापडत. १८९१ साली अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तिथे गेले. त्यांचा विचार सरळ होता. लोखंडाचा तारा खाली गाडला असेल तर चुंबकाची सुई हलली पाहिजे. त्यांनी खड्ड्यात आणि बाहेर ठिकठिकाणी मोजणी केली. सुई हलली नाही. काठावरच्या दगडमातीचे आकारमान काढले, ते खड्ड्याएवढेच भरले. म्हणजे आत जादा काही गाडलेले नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की हा खड्डा जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने पडला.

मोजणी अचूक होती, निष्कर्ष चुकला. पुढे डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाण अभियंत्याला उलट खात्री होती, की तारा पडलाच आहे आणि लोखंड खाली आहे. १९०३पासून त्याने तिथे वर्षानुवर्षे खोदकाम केले, पैसा घातला. १९२९मध्ये तो वारला, पण लोखंडाचा गोळा काही मिळाला नाही.

दोघांची चूक एकच होती. पडलेली वस्तू खाली शाबूत असणार, असे दोघांनी धरले होते. अवकाशातून येणारा मोठा दगड सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जमिनीवर आदळतो. त्या वेगाची ऊर्जा क्षणात मोकळी होते आणि दगडाचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होऊन उडून जातो. खड्डा उरतो, पाहुणा उरत नाही. १९६०मध्ये ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज ओळखले गेले, आणि तो खड्डा आघातानेच पडला हे पक्के झाले.

लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीचे तोंड मानले जाई. १९७०च्या दशकात सरोवरात वेधन करून खालचे दगड काढले. लोखंडाचा गोळा नव्हता. होता तो चुरा झालेला बेसॉल्ट आणि त्यात आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिज. तोच पुरावा ठरला.

मग चुंबकाने काय शोधतात?

भाईजान म्हणाले, "लोखंड नाहीच, तर शास्त्रज्ञ इथे चुंबकाची यंत्रे घेऊन का येतात?"

याचे उत्तर आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात आहे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट जातीच्या खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा तापलेला असताना ते चुंबकीय नसतात. तो निवू लागला की त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल, ती हे कण धरून ठेवतात, जणू आतल्या असंख्य सुया एका दिशेला गोठतात. आपला दगड अशा रीतीने ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची दिशा जपून आहे. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि दख्खनच्या कित्येक थरांत तर आजच्या उलट दिशा नोंदलेली सापडते.

आता अशा रांगेत उभ्या असलेल्या दगडावर प्रचंड घाव बसला. खडक फुटला, तुकडे उलटेपालटे होऊन पडले. प्रत्येक तुकड्याची सुई वेगळीकडे, त्यामुळे एकमेकांना ती खोडून काढतात. काही भाग इतका तापला की जुनी नोंद पुसली गेली, मॅग्नेटाइटची ती सुमारे ५८० अंश सेल्सियसला पुसते. काही ठिकाणी नुसत्या दाबाच्या धक्क्याने चुंबकत्व कमी झाले. म्हणून आघाताच्या जागी चुंबकीय नकाशा भोवतालापेक्षा वेगळा दिसतो. सर्वेक्षणात लोखंडाच्या गोळ्याचा शोध नसतो, खडकाच्या मोडलेल्या रांगेचा शोध असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोणारला गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व दोन्हींची मोजणी करून २००५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरोवराखाली काहीशे मीटर खोलीपर्यंत खडक भोवतालच्या मानाने हलका आणि चुंबकत्व गमावलेला आहे, असे त्यातून दिसले. खोदल्याशिवाय जमिनीच्या आतली मोडतोड कळली.

ही मोजणी कशी होते, तेही आयानला सांगितले. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर नावाच्या यंत्रात केरोसीनसारख्या द्रवाची एक बाटली असते, भोवती तारेचे वेटोळे. वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका बाजूला वळतात, बंद केली की भोवऱ्यासारखे डुलत राहतात. क्षेत्र जितके जोरकस, तितके डुलणे जलद. ते मोजून आकडा मिळतो, नॅनोटेस्लामध्ये. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या पुढे आहे, आणि शोधायचा फरक काही शेकड्यांचा. म्हणून यंत्र धरणाऱ्याने किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, मोबाइल सगळे काढून ठेवायचे, विजेच्या तारांपासून आणि गाड्यांपासून दूर राहायचे, आणि आखलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने थांबत चालायचे. दिवसभरात सूर्यामुळे पृथ्वीचे क्षेत्रही थोडे वरखाली होते, म्हणून दुसरे यंत्र एकाच जागी ठेवून तो फरक वजा करतात.

हा फरक नीट कळावा म्हणून आपल्याकडे किती काळजी घेतली गेली, त्याची एक खूण अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४मध्ये काम अलिबागला हलवले, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत. तिथे आजही नोंदी होतात.

कधी कधी विमानातून मोजणी करतात. मेक्सिकोत १९७८मध्ये तेलाच्या शोधासाठी अशी मोजणी चालू असताना ग्लेन पेनफिल्ड या भूभौतिकशास्त्रज्ञाला समुद्राखाली एक मोठी कमान दिसली. आज तिला चिक्सुलूब विवर म्हणतात. सुमारे १८० किलोमीटर व्यास, वर चुनखडीचे जाड थर, डोळ्यांना काहीच दिसत नाही. डायनासोर ज्या आघाताने संपले असे मानतात, तोच हा. शोध लागला तो चुंबकामुळे.

लोणारला परदेशी शास्त्रज्ञ येतात त्याचेही कारण आहे. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये पडलेली विवरे फार थोडी, आणि चंद्र-मंगळावरचा दगड बराचसा याच जातीचा. चंद्राला आज पृथ्वीसारखे चुंबकीय क्षेत्र नाही, तरी तिथले काही दगड चुंबकीय का? आघातच क्षणभर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो की काय? हे तपासायला लोणारच्या आघातात वितळून उडालेले काचेचे बारीक मणी मोजले गेले. तसा पुरावा मिळाला नाही. "नाही" हेही उत्तरच असते, आणि ते मिळवायला जालन्याच्या शेजारच्या दगडाचा उपयोग झाला.

खड्ड्याचे वयसुद्धा असेच दुरुस्त होत गेले. आधी ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. २०११मध्ये वितळलेल्या दगडातल्या आर्गॉन वायूवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले.

दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे

आता २८ मेचे कारण. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबागृहाच्या माथ्यावर येतो. २७-२८ मेला भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, आणि १५-१६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी. त्या क्षणी आपल्याला सूर्य ज्या दिशेला दिसतो, तोच किब्ला. काटा नको, मोबाइल नको. आणि मोबाइलमधले होकायंत्रही चुंबकाचेच, हे लक्षात ठेवावे. काटा जिथे चुकतो तिथे तेही चुकते.

वुजू करून आम्ही काठाजवळ झाडाच्या सावलीलगत एक सपाट जागा पाहिली. भाईजानांनी तीन काठ्यांची तिवई करून मधोमध दोरी सोडली, टोकाला दगड बांधला. ओळंबा झाला. २ वाजून ४८ मिनिटांनी आयानने दोरीच्या सावलीवर चुन्याने रेघ ओढली. सावली एका बाजूला, किब्ला त्याच्या उलट बाजूला. हिशेबाने लोणारहून किब्ला पश्चिमेपासून साधारण नऊ अंश उत्तरेकडे येतो, म्हणजे होकायंत्रावर २७९च्या आसपास.

आयानने छातीच्या उंचीवर होकायंत्र धरून रेघेवरून पाहिले. २७८. पुन्हा, २८०. काटा "येडा" झालेला नव्हता.

मग अब्बांची डबी आणि होकायंत्र आळीपाळीने काळ्या खडकांवर ठेवले. पहिल्या खडकावर काटा चार अंश सरकला. दुसऱ्यावर तीन, पण विरुद्ध बाजूला. उतारावर एक उघडा, उंच खडक होता, तिथे तब्बल बारा अंश. वाटाड्याही वाकून बघू लागला. दोन हात वर उचलले की काटा पुन्हा जागेवर. वीज पडली की तिच्या प्रवाहाने खडकाचा पृष्ठभाग जास्त चुंबकीय होतो. त्या उंच खडकाचे तसे झाले असेल.

म्हणजे काटा हलतो हे खरे. पण तो खाली गाडलेल्या ताऱ्यामुळे हलत नाही. ज्या दगडावर डबी ठेवली, तोच दगड त्याला ओढतो. असा दगड सिंदखेडराजाच्या शेतातही तेच करील. वाटाड्या म्हणाला, "म्हंजे हातात धरायचं, दगडावर नाही ठेवायचं. एवढंच?" एवढेच.

चुन्याच्या रेघेवर आम्ही सफ लावली. भाईजान पुढे, आयान आणि मी मागे. नमाज झाल्यावर आयान बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला होता. म्हणाला, "अम्मी, नानांचा खडक कुठला असेल?" ते आता कोण सांगणार? पण आम्ही सात खडक मोजले. सहा जागी फरक पाच अंशांच्या आत होता, एका जागी बारा.

अम्मीचे म्हणणे

संध्याकाळी घरी आलो. अम्मीने सरबत दिले आणि काही न बोलता समोर बसली. मी सांगितले, "अम्मी, काटा फार तर इतका चुकला असेल." आयानने हाताने दाखवले, आधी पाच अंश, मग बारा. उभ्या माणसाने खांदा किंचित वळवावा, इतकेच. अम्मीने तो हात पाहिला आणि डोळे पुसले. म्हणाली, "एवढ्यासाठी तुझे अब्बा चाळीस वर्षे झुरले. मौलानासाहेबांनी सांगितले होते ना! पण त्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नसे."

मग म्हणाली, "लिहून काढ. ती चाळीस मुले आता पन्नाशीची असतील. कुणाच्या घरी हे मासिक येत असेल. चहावाल्याचे ते बोलणे त्यांनीही ऐकले होते."

म्हणून लिहिले. १९८६च्या डिसेंबरात जालन्याहून लोणारला गेलेल्या सहलीत तुम्ही असाल, तर मास्तरांनी सफ सरळ लावली होती, आणि किब्लाही त्यांना पुष्कळसा बरोबर सापडला होता. त्यांच्या मगफिरतीसाठी दुआ करा. आणि येत्या १६ जुलैला आकाश मोकळे असेल, तर २ वाजून ५७ मिनिटांनी अंगणात एक दोरी टांगून पाहा. घरातल्या मुलांना रेघ ओढायला सांगा.